जुन्या एमजीबीचा आतला दिवा: आधी बिघाडाची बाजू ओळखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, इंग्लंडमध्येच घेतलेली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं तर आतला दिवा लागतच नाही. डावीकडचं उघडलं तर लागतो, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. कधी दोन्ही दारं बंद असतानाही तो तसाच मंद जळत राहतो आणि दोन-तीन दिवसांत बॅटरी बसते. डॅशबोर्डचे दिवे इतके मिणमिणते की रात्री स्पीडोमीटर वाचता येत नाही. मध्ये दोनदा फ्यूजही उडाला. गॅरेजवाल्याचं म्हणणं, सगळं वायरिंग बदला.

बदलू नका. निदान हे उत्तर वाचून तीन संध्याकाळ गाडीत घालवल्याशिवाय तरी नाही. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणं मी शेकडो वेळा पाहिली आहेत. त्यांतली तीन तर एक रुपयाचाही भाग न बदलता, पॉलिश पेपर आणि स्क्रू ड्रायव्हरवर सुटलेली पाहिली आहेत. नवीन हार्नेस, म्हणजे तारांची अख्खी जुडी टाकली तरी गंजलेला पत्रा तोच राहणार, दाराचे स्विच तेच राहणार, आणि दिवा पुन्हा निखाऱ्यासारखाच लागणार.

मी हे काम सांगलीला अँबॅसिडरवर शिकलो. नंतर इंग्लंडमध्ये आलो तेव्हा पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलं आणि घरचंच माणूस भेटल्यासारखं वाटलं. अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन ही दोन्ही बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजची, एकाच घराण्यातली. आणि तारांचे रंगही ओळखीचे होते, कारण दोन्हीकडे लुकास या ब्रिटिश इलेक्ट्रिकल कंपनीचीच पद्धत. तपकिरी म्हणजे बॅटरीवरून थेट, फ्यूजशिवाय. जांभळी म्हणजे फ्यूजमधून आलेली, पण चावी नसतानाही चालू असणारी. पांढरी चावी फिरवल्यावर. हिरवी म्हणजे चावी आणि फ्यूज दोन्हींनंतरची. लाल साइड लाइटची. काळी म्हणजे अर्थ. एका रंगावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असेल तर ती त्याच सर्किटची पुढची शाखा. माझे वस्ताद म्हणायचे, डायग्राम नंतर बघ, आधी रंग वाच. १९६२ ते १९८० या काळात अॅबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेल्या कुठल्याही एमजीबीला हा सल्ला लागू पडतो.

एक धोका मात्र आधीच सांगतो. पन्नास वर्षांच्या धुळीने आणि उन्हाने जांभळी तार तपकिरी दिसू लागते. तपकिरीला फ्यूज नाही. तिथे चुकून पाना टेकला तर तार लालबुंद होते आणि शेजारच्या दहा तारांचं आवरण घेऊन जाते. त्यामुळे शंका आली की हार्नेसचं बाहेरचं आवरण बोटभर मागे सरकवायचं. आत रंग ताजा असतो. आणि तार तोडण्या-जोडण्याआधी बॅटरी काढायची. तुमच्या गाडीत सीटच्या मागे गालिच्याखालचं झाकण उघडलं की ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या दिसतील. कुणी आधीच १२ व्होल्टची एकच बसवली असेल तर एकच. चाचणीसाठी बॅटरी जोडलेली लागते, दुरुस्तीसाठी काढलेली. हा नियम मी आजही मोडत नाही.

आता मूळ मुद्दा. घरातल्या दिव्याचा स्विच फेजच्या तारेवर असतो. गाडीच्या आतल्या दिव्याचं तसं नाही. जांभळी तार करंट घेऊन थेट बल्बपर्यंत येते आणि तिथे चोवीस तास उभी असते. बल्बच्या दुसऱ्या टोकापासून जांभळी-पांढरी तार निघते, ती दोन्ही दारांच्या खांबांत बसवलेल्या छोट्या स्विचकडे जाते. दार उघडलं की स्विचची दांडी बाहेर येते आणि ती तार गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला टेकते. स्विच आहे तो अर्थच्या बाजूला.

एवढं डोक्यात पक्कं बसलं की लक्षणच जागा सांगतं. बल्बच्या आधी, जांभळ्या तारेत शॉर्ट झाला तर फ्यूज उडेल. बल्बच्या नंतर, जांभळ्या-पांढऱ्या तारेत शॉर्ट झाला तर फ्यूजला काही होणार नाही, दिवा कायमचा चालू राहील, कारण त्या तारेच्या दृष्टीने दार उघडंच आहे. कुठेही तार तुटली तर दिवा लागणार नाही. आणि तार तुटलेली नाही, टेकलेली नाही, पण मध्ये गंज बसलाय, तर दिवा मंद. तुमच्या गाडीत फ्यूज उडणं आणि दिवा चालू राहणं हे दोन्ही आहे, म्हणजे बल्बच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे बिघाड आहेत. ते वेगवेगळेच शोधावे लागतील. एकाच कारणाच्या मागे लागून लोक महिने घालवतात ते इथेच.

सुरुवात हॉर्नपासून करा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण तुमच्या गाडीत हॉर्नलाही करंट त्याच जांभळ्या फ्यूजमधून मिळतो. हॉर्न खणखणीत वाजला तर फ्यूज शाबूत, फ्यूजबॉक्सपर्यंतचा पुरवठा शाबूत. हॉर्न घसा बसल्यासारखा वाजला तर फ्यूजच्या दोन्ही टोकांच्या पितळी चिमट्या काढून पाहा, हिरवट थर दिसेल. तो बारीक पॉलिश पेपरने घासा, चिमट्या हलक्या हाताने आवळा, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

फ्यूज बदलताना एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. जुन्या लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं ते उडण्याचं माप आहे. सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता १७ अँपिअर. आज दुकानात जे ३५ अँपिअरचे काचेचे फ्यूज मिळतात त्यांतले बरेच सतत ३५ वाहून नेणारे असतात. असा फ्यूज टाकला तर शॉर्ट झाल्यावर आधी तार जळेल, मग फ्यूज. म्हणून विकत घेताना १७ सतत आणि ३५ ला उडणारा, असंच मागा.

आता दिवा. लेन्स काढा, बल्ब काढा, त्याची टोकं आणि होल्डरच्या पट्ट्या साफ करा. मग टेस्ट लॅम्पचा, म्हणजे चिमटा आणि सुई असलेल्या तपासणीच्या दिव्याचा चिमटा चांगल्या अर्थला लावून सुई होल्डरच्या जांभळ्या बाजूला टेकवा. टेस्ट लॅम्प भरपूर उजळला पाहिजे. तो उजळला तर बल्ब परत बसवा आणि एक तारेचा तुकडा घेऊन जांभळ्या-पांढऱ्या बाजूपासून थेट पत्र्याच्या साफ केलेल्या बोल्टला टेकवा. दिवा लख्ख लागला, तर बल्ब आणि त्याच्या आधीचं सगळं ठीक. दोष पुढे, दाराकडे. मला खात्री आहे की तुमच्याकडे हेच होईल.

दाराचा स्विच म्हणजे एका स्क्रूने खांबाला धरलेली छोटी वस्तू. त्याला तार एकच. दुसरं टोक म्हणजे त्याचं स्वतःचं धातूचं अंग, जे स्क्रूतून पत्र्याला टेकतं. इंग्लंडच्या ओल्या हवेत, मीठ टाकलेल्या रस्त्यांवर, याच स्क्रूखाली गंज बसतो. शिवाय गाडी कधीतरी पुन्हा रंगवलेली असते आणि रंगाऱ्याने भोकाच्या कडेवर छान जाड थर दिलेला असतो. रंगावर अर्थ कसा मिळणार? तुमच्या ड्रायव्हरच्या बाजूचं पहिलं संशयित हेच.

स्क्रू काढताना घाई करू नका. स्विच बाहेर ओढला आणि तार निसटली तर ती खांबाच्या पोकळीत मागे पडते, आणि मग डॅशच्या खाली डोकं खुपसून तारेचा आकडा घालून मासे धरल्यासारखी धरावी लागते. तार बाहेर दिसताक्षणी तिला दोरा बांधा आणि त्याचं दुसरं टोक बिजागरीला. हे शहाणपण मला एका रविवारी पाच तास घालवल्यावर आलं.

स्विच हातात आला की तार सोडवून पत्र्याला टेकवा. दिवा लागला तर तार चांगली, स्विच वाईट किंवा त्याचा अर्थ वाईट. दांडी बोटाने दाबून-सोडून पाहा. ती अडखळत असेल तर कॉन्टॅक्ट क्लिनर मारून वीस वेळा चालवा. भोकाची कड आतून धातू चमकेपर्यंत घासा, स्क्रू नवा घ्या, आणि बसवल्यावर बाहेरून जेली लावा म्हणजे ओल पुन्हा शिरणार नाही. तार टेकवूनही दिवा लागला नाही तर तार मध्ये तुटली आहे. मग डॅशखाली जिथे दोन्ही दारांच्या तारा एकत्र येतात तो जोड पाहायचा.

हे जोड म्हणजे पितळी गोळीसारखं टोक आणि त्यावर रबर चढवलेली नळी. जोड चांगला आहे, पन्नास वर्षं टिकलाय. पण रबर कडक झालं, फुटलं, आत पाणी गेलं की पितळ काळं पडतं. ओढून काढा, गोळी घासा, नळी नवी टाका. नळी स्वस्त असते, जुनी साफ करत बसण्यात अर्थ नाही. आणि मधल्या कुणा मालकाने निळे, चिमट्यासारखे दाबून बसवायचे प्लास्टिकचे कनेक्टर लावलेले दिसले तर ते सगळे काढा. ते तारेचं आवरण चिरून आत पातं घुसवतात. त्या चिरेतून ओल शिरते आणि तांबं आतल्या आत हिरवं होऊन भुगा होतं. रेडिओ बसवताना ते हमखास लावले जातात. तुमच्या उडणाऱ्या फ्यूजकडे मी त्याच नजरेने पाहतो आहे.

निखाऱ्यासारख्या दिव्याबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण इथे मल्टीमीटर माणसाला फसवतो. बहुतेक जण मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे तार जोडलेली असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर ठेवतात, स्विचपासून पत्र्यापर्यंत बीप वाजली की म्हणतात अर्थ ठीक आहे. मीटर स्वतः अगदी थोडा करंट सोडतो. तारेतल्या तांब्याच्या धाग्यांपैकी एकच धागा उरला असेल, किंवा गंजाच्या थरात सुईच्या टोकाएवढी वाट असेल, तरी बीप वाजते. खरा करंट वाहायला लागला की तीच वाट गुदमरते.

म्हणून मापायचं ते दिवा लागलेला असताना. मीटर व्होल्टवर ठेवा, काळी सुई थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल सुई दाराच्या स्विचच्या तारेच्या टोकावर. दार उघडं. तिथे ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. दोन, चार, सहा व्होल्ट दिसले तर तेवढे व्होल्ट त्या गंजात मुरतायत, बल्बला मिळत नाहीत. मग लाल सुई एकेक पायरी पुढे सरकवा: स्विचच्या अंगावर, स्क्रूच्या डोक्यावर, शेजारच्या घासलेल्या पत्र्यावर. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम खाली येतो, दोष तिथे. अंदाज करायचाच नाही.

थोडं गणितही करून पाहा. बल्ब ६ वॅटचा धरला तर तो १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध २४ ओहम. वाटेत गंजाचे फक्त ४ ओहम आले तर बल्बला सव्वादहा-साडेदहा व्होल्ट उरतात. व्होल्टेजमधली घट तेवढी मोठी वाटत नाही, पण फिलामेंटचा प्रकाश त्याहून कितीतरी वेगाने पडतो, तेवढ्यात तो साधारण चाळीस टक्क्यांनी कमी होतो. उलट करंट मात्र तितका कमी होत नाही, कारण थंड फिलामेंटचा रोध कमी असतो. अर्ध्या व्होल्टेजवर जेमतेम लाल दिसणारा बल्बही पूर्ण करंटच्या जवळपास दोन-तृतीयांश खात असतो. म्हणजे दिवसाला सुमारे ८ अँपिअर-तास. तुमची बॅटरी जुनी असेल तर दोन-तीन दिवसांत ती बसणारच. ‘एवढासा तर दिवा आहे’ म्हणून दुर्लक्ष करू नका, बॅटरी खाणारा बहुधा तोच आहे.

दारं बंद असताना तो लागतो याची दोन कारणं संभवतात. डावं दार थोडं खाली झुकलं असेल तर ते स्विचची दांडी पूर्ण दाबत नाही. दार उघडं ठेवून दांडी बोटाने पूर्ण आत दाबा. दिवा विझला तर दार किंवा त्याचं रबर जुळवून घ्या. विझला नाही तर त्या स्विचची तार काढा. आता विझला तर स्विच आतून गळतोय, नवा टाका. तरीही विझला नाही तर जांभळी-पांढरी तार कुठेतरी सोलून पत्र्याला घासते आहे, बहुधा खांबातून डॅशमध्ये शिरताना, जिथलं भोकातलं रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट, गळून पडलेलं असतं. तुमचा दिवा कधी जळतो, कधी नाही, त्यामुळे माझा कौल स्विचला.

गाडी अमेरिकेतून परत आलेली असेल तर आणखी एक फाटा आहे. तिकडच्या गाड्यांना चावी लावलेली राहिली आणि ड्रायव्हरचं दार उघडलं की बझर वाजतो, आणि तो त्याच दाराच्या स्विचशी जोडलेला असतो. तिथे जास्तीच्या तारा दिसल्या तर गोंधळून त्या तोडू नका.

बॅटरीचा संशय फक्त आतल्या दिव्यावर ठेवूनही भागत नाही. डिकीत दिवा असेल तर फोनचं व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून आत ठेवा आणि झाकण बंद करा. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढून तिच्या आणि खांबाच्या मध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. सगळं बंद असताना तो बल्ब अजिबात पेटता कामा नये. पेटला नाही, तरच त्याच्या जागी मीटर लावा आणि मिलीअँपिअर मोजा. आधी बल्ब का? कारण मोठा करंट निघाला तर मीटरचा फ्यूज जातो. अल्टरनेटरमधून काही मिलीअँपिअर गळणं चालतं. शंभरच्या वर आकडा असेल तर फ्यूज एकेक काढून पाहा, कुठल्या सर्किटमध्ये तो पडतो. एकही फ्यूज काढून पडला नाही तर ते तपकिरी तारांवर, म्हणजे फ्यूजच्या आधी आहे, आणि तिथे अल्टरनेटर आणि नंतर जोडलेला रेडिओ हे दोघे आधी बघायचे.

तोच २१ वॅटचा बल्ब उडणारा फ्यूज शोधायलाही वापरा. जांभळा फ्यूज काढून त्याच्या जागी बल्ब जोडा, दारं बंद. हॉर्न दाबलेला नाही, दिवा लागलेला नाही, म्हणजे या सर्किटमध्ये काहीच चालू नाही, बल्ब काळा राहायला हवा. आता डॅशखाली हात घालून हार्नेस हातभर-हातभर हलवत जा. ज्या क्षणी बल्ब लख्ख पेटेल त्या क्षणी शॉर्ट तुमच्या हाताखाली आहे. दहा फ्यूज उडवून जे सापडत नाही ते या एका बल्बने पंधरा मिनिटांत सापडतं. रेडिओच्या मागे, कन्सोलच्या स्क्रूखाली चिरडलेली तार, आणि हॉर्नजवळ रेडिएटरपुढचा भाग या तीन जागा आधी.

डॅशबोर्डच्या दिव्यांचा या सगळ्याशी संबंध नाही, ते वेगळं सर्किट. लाल तार प्रकाश कमी-जास्त करायच्या रिओस्टॅटमध्ये जाते, लाल-पांढरी त्यातून बाहेर पडून डॅशबोर्डवरच्या सगळ्या घड्याळांकडे, म्हणजे स्पीडोमीटरसारख्या काट्यांच्या मीटरांकडे जाते. हा रिओस्टॅट म्हणजे गुंडाळलेल्या तारेवर फिरणारी पट्टी. वर्षानुवर्षं कुणी फिरवत नाही, तिथेच ऑक्साइड बसतो. साइड लाइट लावून रिओस्टॅटच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडा. दिवे उजळले तर दोषी सापडला. क्लिनर मारून पन्नास वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर तो पुन्हा कामाला लागतो.

स्पीडोमीटरचा दिवा अजिबात लागत नसेल तर मागून हात घालून होल्डर ओढा. २.२ वॅटचा, आटे असलेला छोटा बल्ब आहे, थरथरीने सैल होतो. होल्डर घड्याळाच्या धातूच्या डब्यातूनच अर्थ घेतो, त्यामुळे डब्याची काळी तार जागेवर आहे ना तेही बघा. आणि एवढं सगळं करून हे दिवे आजच्या गाडीसारखे उजळतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. नवीन असतानाही ते मंदच होते. मला तो मऊ प्रकाश आवडतो, काळोख्या रस्त्यावर डोळ्यांना टोचत नाही.

एलईडीचं लोक फार विचारतात. आतल्या दिव्यात जरूर टाका, दार उघडं राहिलं तरी बॅटरीवर ताण नाही. पण आधी वरची दुरुस्ती करा, कारण फिलामेंट ज्या गळतीवर पेटत नाही त्या गळतीवर एलईडी रात्रभर मिणमिणतो. डॅशबोर्डमध्ये मी टाकत नाही. त्यांचा करंट इतका कमी की रिओस्टॅट फिरवून प्रकाश फारसा बदलतच नाही. आणि तुमच्या कुणा मित्राची १९६७ च्या आधीची एमजीबी असेल तर तिथे पॉझिटिव्ह टोक पत्र्याला जोडलेलं असतं, दिशा ठरलेला एलईडी तिथे उलटा बसवावा लागेल.

पहिल्या संध्याकाळी फक्त ड्रायव्हरच्या बाजूचा स्विच काढा, भोक घासा, बसवा. मग दार उघडं ठेवून तीन आकडे लिहून घ्या: बॅटरीवरचे व्होल्ट, बल्बच्या जांभळ्या बाजूला आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये किती, आणि स्विचच्या तारेपासून निगेटिव्हपर्यंत किती. ते मला कळवा, आणि रेडिओच्या मागचा फोटो चांगल्या उजेडात काढून पाठवा. जांभळ्या तारेवर निळा कनेक्टर दिसतो का, तेवढं मला पाहायचंय.